'त्याची कृती परिपूर्ण आहे' (अनुवाद ३२:४): इथे 'परिपूर्ण' म्हणजे नक्की काय?

तृणांकुर

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या ३२:४ या वचनावर पाऊण तासाचा शास्त्राभ्यास बसवायचा आहे. वचन बहुतेकांना तोंडपाठ असतं, आणि बहुतेक वेळा ते निसर्गाच्या अंगाने सांगितलं जातं: डोंगर, फुलपाखराचे पंख, तान्ह्या बाळाची बोटं. मग गटातलं कोणीतरी विचारतं, जन्मतः आंधळं बाळ ही कोणाची कृती? भूकंप कोणाची? तिथून पुढे चालवणारा सारवासारव करत बसतो.

प्रश्न दोन आहेत. एक, मूळ भाषेतला शब्द खरंच 'यात सुधारणेला जागा नाही' असं म्हणतो का? दोन, म्हणत असेल तर रोमकरांस ८:२२ मधली कण्हणारी सृष्टी आणि हे वचन एकत्र कसं धरायचं? जाता जाता एक तिसरा: उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दुसऱ्या दिवशी 'चांगले आहे' हे वाक्य का नाही? हा प्रश्न हमखास येतो.

'विश्वास ठेवा, सगळं चांगलंच आहे' एवढ्यावर कृपया थांबू नका. विश्वास आहे म्हणूनच विचारतेय.

शब्दशोधक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसं म्हणत नाही.

मूळ हिब्रू शब्द 'तामीम'. धातू 'तामाम', अर्थ पुरं होणं, संपणं. आपण मराठीत 'तमाम' म्हणतो तो अरबीतून आलेला शब्द, आणि अरबी व हिब्रू एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे हे लांबचे भाऊच. 'तमाम लोक' म्हणजे सर्वोत्कृष्ट लोक नव्हे, एकही न वगळता सगळे. तामीमचा गाभा हाच: काही तुटलेलं नाही, उणं नाही, आत-बाहेर एक.

वापर बघा. लेवीय २३:१५ मध्ये सात 'पूर्ण' आठवडे मोजायचे, तिथे तामीमचंच अनेकवचनी रूप. यहोशवा १०:१३ मध्ये सूर्य 'पूर्ण' दिवसभर थांबला, तिथेही तामीम. निर्गम १२:५ मधलं वल्हांडणाचं (यहुदी सणाच्या बळीचं) कोकरू तामीम: नर, एक वर्षाचा, दोष नसलेला. जगातलं सर्वांत देखणं कोकरू शोधून आणा, असं तिथे कोणी सांगत नाही. नोहा तामीम (उत्पत्ती ६:९), आणि तोच नोहा ९:२१ मध्ये द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडलेला दिसतो. अब्राहामाला आज्ञा आहे, माझ्यासमोर चाल आणि तामीम हो (१७:१).

आता खरी गंमत पाचव्या वचनात आहे आणि तिथपर्यंत सहसा कोणी वाचत नाही. चौथ्यात देवाची कृती 'तामीम', आणि लगेच पाचव्यात त्याच्या लेकरांबद्दल 'मूम', म्हणजे डाग, व्यंग. ही जोडी अर्पणाच्या नियमांतून उचललेली आहे. लेवीय २२:२१ मध्ये दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात: पशू तामीम असावा, त्यात कोणताही मूम नसावा. पुढच्या वचनात यादीच आहे: आंधळा, मोडलेला, लुळा, खरजेचा. अनुवाद ३२ हे मोशेचं गीत आहे, आणि पशू तपासायची ही भाषा तो त्यात फिरवतो. तपासणी होते ती देवाच्या वागणुकीची आणि लोकांच्या वागणुकीची, आणि व्यंग सापडतं ते लोकांच्या बाजूला.

म्हणून 'कृती' म्हणजे इथे प्रामुख्याने फुलपाखरू नव्हे. पुढचेच शब्द 'मार्ग', 'न्याय', 'विश्वसनीय', 'सरळ' असे आहेत. मोशे बोलतोय ते देवाच्या वागण्याबद्दल, त्याने या लोकांना कसं वागवलं त्याबद्दल. मला विचाराल तर 'परिपूर्ण'पेक्षा 'अव्यंग' हा शब्द मुळाला जास्त जवळचा आहे.

पाखरू

'तमाम' आणि 'तामीम'! इतकी वर्षं हे वचन पाठ आहे, हे कधी कानावर आलं नव्हतं. धन्यवाद.

मेणबत्ती

शब्दशोधक, विवेचन फार आवडलं, पण 'अव्यंग'ला माझा ठाम विरोध. हा शब्द गटात उच्चारलात की व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला काय ऐकू येईल? 'देवाची कृती अव्यंग, म्हणजे मी देवाची कृती नाही.' वचनाने जे म्हटलंच नाही ते आपला शब्द म्हणून जाईल.

शिवाय शास्त्र स्वतः इतकं सोपं सोडत नाही. निर्गम ४:१० मध्ये मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे. त्यावर ४:११ मध्ये परमेश्वर विचारतो, माणसाला तोंड कोणी दिलं? मुका, बहिरा, डोळस, आंधळा कोण करतो? मीच ना? म्हणजे अनुवाद ३२ चं गीत म्हणणारा माणूस तोच, ज्याची जीभ जड आहे आणि ज्याला देवाने सांगितलं आहे की ही जीभही माझ्याच हातची. 'व्यंग हे देवाचं काम नाही' असा सरळ निकाल या वचनापुढे टिकत नाही.

लेवीय २१:१७-२३ पण जोडून वाचा. शरीरात दोष असलेल्या याजकाला वेदीजवळ अर्पण करायला मनाई आहे, पण बावीसाव्या वचनात त्याच्या भाकरीचा हक्क कायम आहे, परमपवित्र भाकरीचासुद्धा. तो याजकच राहतो. हा भाग वाचायचा राहून गेला की फार नुकसान होतं.

शब्दशोधक

मेणबत्ती, मान्य. अर्थ समजावताना 'अव्यंग' एकदा सांगावा आणि बाजूला ठेवावा, वचन वाचताना वापरू नये. निर्गम ४:११ माझ्या मांडणीत हवंच होतं. ते सुटलं होतं.

नेत्रांजन

विषय थोडा बाजूला नेतोय, पण हा प्रश्न तरुणांकडून येणारच. 'परिपूर्ण निर्मिती' म्हटलं की ते डोळ्यातल्या अंधबिंदूचं उदाहरण काढतात.

करून दाखवता येतं. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. नजर चुकून ठिपक्याकडे वळली तर प्रयोग फसतो, बहुतेकांचा पहिल्यांदा तसाच फसतो. कारण असं की आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या पुढच्या बाजूने धावतात आणि एका जागी गोळा होऊन बाहेर पडतात. त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या बाजूने निघतात, त्याला अंधबिंदू नाही.

यावर श्रद्धावंत बाजूने उत्तर दिलं जातं की आपल्या रचनेत प्रकाशपेशी मागच्या रंगद्रव्याच्या थराला चिकटून राहतात आणि त्यांची झीज तो थर भरून काढतो. हेही खरं आहे. पण वाद इथेच अडकून पडतो आणि पाऊण तास संपतो.

उंबरठा

नेत्रांजन, प्रयोग जरूर दाखवावा, पण वचन त्याच्या खुंटीला टांगू नये. अंधबिंदूचं कारण सापडलं तर देव परिपूर्ण, नाही सापडलं तर अपूर्ण, अशी अट मोशेने घातलेली नाही.

उलट ईयोब ३९:१३-१८ घ्या, दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकातला शहामृगाचा भाग. परमेश्वर वादळातून बोलतोय, आपली कामं दाखवतोय, आणि त्यात कोणता पक्षी निवडतो? जमिनीवर अंडी टाकून जाणारा, कोणाचा पाय पडेल याची फिकीर नसलेला, पिलांशी परक्यासारखा वागणारा. सतराव्या वचनात स्पष्ट म्हटलंय की देवानेच त्याला शहाणपण दिलं नाही. अठराव्यात तोच पक्षी धावू लागला की घोडा आणि स्वार दोघांना हसतो. देव इथे कौतुकाने सांगतोय! त्याआधी ३८:२६ मध्ये पाऊस पडतो तो जिथे माणूस राहत नाही अशा रानावर. 'परिपूर्ण' म्हणजे माणसाच्या उपयोगाला चोख, अशी मोजपट्टी धरून आपण बसतो, आणि ईयोबाच्या शेवटच्या अध्यायांत ती मोजपट्टीच हातातून काढून घेतली जाते.

पाखरू

शहामृगाचा भाग लहान मुलांनाही सांगण्यासारखा आहे. धावण्याची नक्कल करायला मिळाली तर मुलं वचन विसरणार नाहीत :)

सरळरेषा

माझी दिशा वेगळी आहे, मोकळेपणाने लिहितो. तुम्ही सगळे पतनाला, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापाला, बगल देताय. उत्पत्ती १:३१ मध्ये 'फार चांगले' असा शिक्का आहे. ३:१७-१८ मध्ये भूमीला शाप, काटे, कुसळं. रोमकरांस ५:१२ मध्ये पापाने मरण आलं. रोमकरांस ८:२० मध्ये सृष्टी व्यर्थतेच्या स्वाधीन केली गेली. क्रम स्वच्छ आहे: देवाने निर्दोष घडवलं, माणसाने बिघडवलं, ख्रिस्त पूर्ववत करतो. शब्दांच्या कीसात हा कणा हरवू नये. पतन काढून टाकलं तर क्रूस कशासाठी?

जुनापाया

सरळरेषा, कणा तोच, पण 'पूर्ववत' या शब्दाशी मी अडतो. उत्पत्ती २:१८ पाहा: 'मनुष्य एकटा असावा हे बरे नाही.' हे पतनाच्या आधीचं आहे. १:२८ मध्ये पृथ्वी 'सत्तेखाली आणा' ही आज्ञा आहे, तिथला हिब्रू शब्द चांगला जोरकस आहे. २:१५ मध्ये बाग राखायची आणि मशागत करायची आहे. म्हणजे 'फार चांगलं' जग सुद्धा काम शिल्लक असलेलं जग होतं. शेवटी प्रकटीकरण २१ मध्ये बाग परत येत नाही, नगर येतं.

मंडळीच्या विचारपरंपरेत या दोन्ही धारा पहिल्यापासून आहेत. इरेनियस (दुसरं शतक, लिऑनचा बिशप) म्हणतो की आदाम पोरवयाचा होता. आई बाळाला मोठ्यांचं जेवण देऊ शकते, पण बाळाला ते पेलत नाही. उणीव आईच्या हातात नसते, बाळाची वाढ व्हायची असते. ऑगस्टीन (४थं-५वं शतक) दुसऱ्या टोकाने येतो: वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. त्याचं उदाहरण वैद्यकीय आहे. जखम भरली की ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही, ती नाहीशीच होते.

थॉमस अक्वायनसने (१३वं शतक) प्रश्न थेट विचारला: देव आहे त्याहून चांगलं करू शकतो का? त्याचं उत्तर दुपदरी आहे. देव याहून चांगल्या वस्तू नक्कीच निर्माण करू शकतो. पण या वस्तू धरल्या तर त्यांची मांडणी याहून चांगली होऊ शकत नाही, कारण वीणेची एकच तार जास्त ताणली तर सूर बिघडतो. आणखी एक भेद तो करतो तो अभ्यासाला फार उपयोगी आहे. पहिली पूर्णता म्हणजे वस्तू आपल्या सर्व अंगांनी उभी असणं, दुसरी म्हणजे ती आपल्या हेतूला पोचणं. सातव्या दिवशी पहिली पूर्णता झाली. दुसरी युगाच्या शेवटी.

हा भेद सोडला की काय होतं, ते जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सच्या 'शक्य असलेल्या जगांतलं सर्वोत्तम जग' (१७१०) या मांडणीचं झालं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला, मग लाटा, मग आग. त्यानंतर ते वाक्य लोकांच्या तोंडी चेष्टेचं झालं. वास्तविक कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) परिच्छेद ३०२ मध्ये स्पष्ट सांगतो की सृष्टी निर्माणकर्त्याच्या हातून पुरी होऊन बाहेर पडली नाही, ती वाटचालीत आहे. प्रॉटेस्टंट मंडळी तो ग्रंथ मानत नसतील, पण रोमकरांस ८:२२ मधल्या वेदना प्रसूतीच्या आहेत, एवढं तरी दोघांना वाचता येतं.

सरळरेषा

प्रसूतीचा मुद्दा घेतला. २:१८ चाही. तरीही मरणाला मी 'वाढीचा टप्पा' म्हणणार नाही. १ करिंथ १५:२६ त्याला शत्रू म्हणतं.

जुनापाया

मीही म्हणणार नाही. शत्रूच.

मेणबत्ती

आता एक व्यावहारिक गोष्ट, कारण अभ्यासातून उठून लोक थेट कोणाच्या तरी दुःखात जातात. हे वचन शोकाच्या घरी जाऊन ऐकवायचं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र जमिनीवर गप्प बसले (२:१३), तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. पुढे जे बोलले त्यातली कितीतरी वाक्यं तत्त्वतः योग्य आहेत, तरी ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावतो. चूक कुठे होते? सामान्य सत्य घेऊन समोरच्याच्या जखमेचं कारण सांगायला गेले, तिथे. 'देवाची कृती परिपूर्ण' याचा पुढचा न उच्चारलेला भाग 'म्हणून तू रडू नकोस' असा ऐकू येतो.

काय करावं: जावं, बसावं, नाव घेऊन प्रार्थना करावी, स्तोत्र १३ किंवा ८८ वाचावं. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही शास्त्रात आहे.

शब्दशोधक

इथे एक भर घालतो, कारण परंपरा नेमकी उलटी वाटेल. यहुदी अंत्यविधीतली न्यायस्वीकाराची प्रार्थना याच वचनाने सुरू होते: 'हात्सूर तामीम पोओलो', खडक, त्याची कृती तामीम. म्हणजे हे वचन कबरीपाशी शतकानुशतकं म्हटलं गेलंय. पण कोणाच्या तोंडून, ते महत्त्वाचं. शोक करणारे स्वतः देवासमोर उभे राहून ते म्हणतात, पाहुणा त्यांना ते ऐकवत नाही.

मोशेचंही तसंच आहे. त्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं की नबो डोंगरावर चढ, वचन दिलेला देश लांबून पाहा, आत जायचं नाही (३२:४८-५२). ज्याचं सगळं आयुष्य ज्या वाटेवर गेलं तिचा शेवट त्याला मिळत नाही, आणि त्याच्या ओठांवर 'तामीम' आहे.

मेणबत्ती

हे मनाला लागलं. माझं वाक्य दुरुस्त करते: दुसऱ्याला ऐकवायचं नाही. त्याने स्वतः म्हटलं, तर सोबत म्हणायचं.

उंबरठा

नव्या करारात हा शब्द कुठे जातो तेही हवं ना? शब्दशोधक, ग्रीकमध्ये काय होतं?

शब्दशोधक

जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तामीमला एकच शब्द नाही. वल्हांडणाच्या कोकराला 'तेलेइओस', म्हणजे पूर्ण, हेतूला पोचलेलं. लेवीय २२ मधल्या पशूला 'आमोमोस', निष्कलंक. १ पेत्र १:१९ मध्ये ख्रिस्ताला कोकरू म्हणताना हाच शब्द. आणि अनुवाद ३२:४ ला तिसराच: 'आलेथिना', खरी, भरवशाची. 'त्याची कामं खरी आहेत.' प्रकटीकरण १५:३ मध्ये मोशेचं आणि कोकऱ्याचं गीत येतं तिथे देवाचे मार्ग न्यायाचे आणि 'खरे' आहेत. ग्रीक भाषांतरकाराला 'देव फसवत नाही' हा अर्थ दिसला होता.

मत्तय ५:४८ चा 'तेलेइओस' अनुवाद १८:१३ च्या तामीमचा आहे. संदर्भ काय? शत्रूवर प्रीती, भल्या-बुऱ्यांवर सारखा पाऊस. देवाची पूर्णता म्हणजे त्याच्या भलेपणातून कोणी वगळलेलं नाही. पुन्हा 'तमाम'च.

इशारा एक: 'तेतेलेस्ताई', 'पूर्ण झाले आहे' (योहान १९:३०) हा शब्द कर्ज फिटल्याच्या पावतीवर लिहीत, असं प्रवचनांत सांगतात. त्याचा पुरावा कच्चा आहे, तो दाखला टाळा. शब्दाचा साधा अर्थ पुरेसा भारी आहे.

जुनापाया

मार्क ७:३७ विसरू नका: 'त्याने सर्व काही चांगले केले आहे.' बहिऱ्या-तोतऱ्याला बरं केल्यावर लोक हे म्हणतात आणि त्यात उत्पत्ती १:३१ चा प्रतिध्वनी आहे. लगेच पुढच्या अध्यायात (८:२२-२५) बेथसैदाचा आंधळा. येशू हात लावतो, विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग दुसऱ्यांदा हात. दोन टप्प्यांत बरं केल्याचा शुभवर्तमानांतला हा एकमेव प्रसंग. मधल्या क्षणी त्या माणसाला विचारलं असतं 'काम परिपूर्ण आहे का?' तर प्रामाणिक उत्तर 'अजून नाही' हेच होतं. आणि हात त्याच्या डोळ्यांवरच होते.

योहान ९ मधल्या जन्मांध माणसाचंही तसंच. 'याने पाप केलं की आईबापांनी?' या प्रश्नाला येशू मागे वळून कारण देत नाही, पुढे होणाऱ्या कामाकडे बोट दाखवतो. आणि मग चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. इरेनियस इथे थांबून म्हणतो: आदामाला मातीतून घडवणाऱ्या हातानेच गर्भात राहिलेलं काम इथे सगळ्यांसमोर मातीने पुरं केलं. शब्बाथाच्या, म्हणजे यहुदी विसाव्याच्या, दिवशी! चिखल मळणं हे शब्बाथाला वर्ज्य कामांत मोडतं. योहान ५:१७ शी जोडा: 'माझा पिता आजपर्यंत काम करीत आहे.'

नेत्रांजन

योहान ९ बद्दल एक खबरदारी. 'देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून तो आंधळा जन्मला' हे वाचून माणूस निव्वळ साधन ठरतो अशी हरकत येते. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, त्यामुळे काही अभ्यासक वाक्य असं तोडतात: 'याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. पण देवाची कार्यं याच्यात प्रकट व्हावीत म्हणून आपण दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे.' सगळ्यांना हे पटत नाही, पण दोन्ही वाचनं गटापुढे ठेवावीत.

सरळरेषा

आणि पुनरुत्थानानंतर? योहान २०:२७ मध्ये खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. गौरवी देह आहे आणि त्यावर खुणा आहेत. माझ्या 'पूर्ववत'ला हेच सर्वांत मोठं उत्तर आहे, हे मान्य करतो. नवं शरीर खिळ्यांच्या आधीचं नाही.

तृणांकुर

सगळ्यांचे मनापासून आभार. असं बसवतेय, चुकत असेल तर सांगा:

पहिली १० मिनिटं अनुवाद ३२:१-६ मोठ्याने, दोन आवाजांत, चौथं आणि पाचवं वचन वेगवेगळ्या माणसांनी. मग १२ मिनिटं चार गट, प्रत्येकाला एक तामीम: कोकरू, नोहा, सात आठवडे, स्तोत्र १८:३०. प्रत्येकाने एवढंच शोधायचं, की इथे 'याहून चांगलं शक्य नाही' हा अर्थ बसतो का. मग १५ मिनिटं मार्क ८ चा आंधळा, आणि शेवटची ८ मिनिटं निर्गम ४:११ व प्रार्थना. डोंगर-फुलपाखरं नाहीत.

दुसऱ्या दिवसाचं मात्र राहिलं.

उंबरठा

निर्गम ४:११ शेवटी ठेवू नका. आठ मिनिटांत ते उघडता येतं, मिटवता येत नाही. लोक जड मनाने घरी जातील. ते मार्कच्या आधी घ्या आणि शहामृगाचा मोह आवरा, तो पुढच्या वेळी.

शब्दशोधक

दुसरा दिवस: 'चांगले' हा शब्द अध्यायात सात वेळा येतो, वचनं ४, १०, १२, १८, २१, २५ आणि ३१. तिसऱ्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. ग्रीक भाषांतराने तिथे तो घातला, हिब्रूत नाही. राशी (११वं शतक) या यहुदी भाष्यकाराचं स्पष्टीकरण सर्वांत सरळ आहे: दुसऱ्या दिवशी पाणी वेगळं करायला सुरुवात झाली, ते काम तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन दिसली तेव्हा संपलं. म्हणून तिसऱ्या दिवशी दोनदा, एक त्या राहिलेल्या कामाचा आणि एक त्या दिवसाचा.

तृणांकुर

म्हणजे अर्ध्यावर असलेल्या कामाला देव 'चांगलं' म्हणत नाही, पण 'वाईट' असंही म्हणत नाही. नुसतं 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' म्हणून पुढे जातो. मार्क ८ मधल्या दोन स्पर्शांच्या मधे हेच वाचून दाखवेन. निर्गम वर घेतलं.

पाखरू

त्या मधल्या जागी वाचणाऱ्याला जरा थांबायला सांगा, ताई. लगेच पुढचं वचन वाचलं तर तो आंधळा अजून झाडं बघतोय हे कळायच्या आत बरा झालेला असतो.